हाडांची दुरुस्ती – भाग ६ : हाड जुळलं, हे ओळखायचं कसं?

नडगीच्या मोडलेल्या हाडात रॉड कसा टाकतात, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. टाके निघतात, पेशंट कुबड्या घेऊन घरी जातो आणि नातेवाइकांना वाटतं, सुटलो एकदाचे. पण हाड जुळायला अजून चार-सहा महिने जायचे असतात. नडगीला तर जास्तच वेळ लागतो. तिच्या पुढच्या बाजूला कातडीखाली लगेच हाड लागतं, मांसाचं आवरण नाही आणि खालच्या भागात रक्तपुरवठाही बेताचाच.

या काळात पेशंटनं अधूनमधून दाखवायला यायला हवं. सेवाग्रामला १९४५ साली कस्तुरबा रुग्णालय सुरू झालं, १९६९ साली तिथंच डॉ. सुशीला नायर यांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. सुगीला ज्वारी देऊन गावानं आजारपणाची तरतूद करायची, ही योजनाही तिथलीच. उपचार खेड्यातल्या माणसाच्या आवाक्यात यावेत, यासाठी वर्धा जिल्ह्यात एवढं झालं. तरी आष्टी-कारंजाकडच्या शेतमजुराला प्लास्टरचा पाय घेऊन एसटीची पायरी चढायची असते. त्याचा रोज आधीच बुडालेला, सोबत येणाऱ्याचाही बुडतो. दुखणं थांबलं की फेरतपासणी थांबते, ती यामुळे. याला बेफिकिरी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

आलाच, तर डॉक्टर काय बघतात? एक्स-रे दोन बाजूंनी काढतात, समोरून आणि कडेनं. प्रत्येक फिल्मवर हाडाच्या दोन कडा दिसतात, म्हणजे एकूण चार. मोडलेल्या जागी नवं हाड ढगासारखं धूसर दिसू लागतं, मग दाट होतं आणि कड सांधते. प्रत्येक कडेला एक ते तीन गुण द्यायचे, बेरीज चार ते बारा. चारपैकी तीन कडा सांधल्या, की हाड जुळलं असं सहसा धरतात. मोजपट्टी सोपी आहे, पण तिला चांगली फिल्म लागते आणि ती वाचणारा जाणता डोळा लागतो.

जिथं हे दोन्ही दुर्मीळ, तिथल्यासाठी एक चाचणी निघाली. अमेरिकी शल्यविशारद लुईस झर्कल व्हिएतनाम युद्धात तिथं काम करून आले होते. गरीब देशांतल्या रुग्णालयांना रॉड मोफत देणारी ‘साइन’ ही संस्था त्यांनी १९९९ साली काढली. ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र नसलं, तरी बसवता येईल असा तो रॉड. बदल्यात तिथल्या डॉक्टरांनी पेशंटचे एक्स-रे आणि फोटो पाठवायचे. फोटोत पेशंट उकिडवा बसलेला आणि हसरा असावा. बघायच्या गोष्टी तीन : किती खाली बसता येतं, कशाचा आधार घ्यावा लागतो का आणि चेहऱ्यावर वेदना दिसते का.

आपल्याकडे तर ही चाचणी रोजच्या जगण्यातच आहे. निंदण उकिडवं बसूनच होतं, गाय दोहायलाही तसंच बसावं लागतं, आणि कित्येक घरांत संडासही तसाच. शेतातल्या बाईला ‘निंदायला बसता का?’ एवढं विचारलं, तरी तिच्या पायाबद्दल पुष्कळ कळतं. फोटो तर घरच्या फोनवरूनही पाठवता येईल. माझ्या मते जिल्ह्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हे करून बघायला हवं.

मात्र फोटोवर सगळा भरवसा टाकता येत नाही. आत रॉड असला, की हाड न जुळताही माणूस बसू शकतो. भार रॉड पेलत असतो आणि काही महिन्यांनी तोच तुटू शकतो. कष्टकरी माणसं दुखणं गिळून हसतातही. ज्या आजोबांचे गुडघे आधीच धरलेले, त्यांना बसता आलं नाही म्हणून हाड जुळलं नाही असं ठरत नाही. म्हणून फोटोत शंका आली की बोलावून एक्स-रे काढायचाच, आणि शंका नसली तरी शेवटचा एक्स-रे चुकवायचा नाही.

तुमच्या घरात कुणाचा पाय मोडला असेल, तर बिडी-सिगारेट बंद करायला लावा; धुरानं हाड जुळायला उशीर होतो. खर्राही सोडलेला बरा. जुन्या फिल्म फेकू नका, तारखेनुसार लावून दर खेपेला सोबत न्या. मागच्या फिल्मशी ताडून पाहिल्याशिवाय हाड पुढं सरकलं की अडलं, हे डॉक्टरांना सांगता येत नाही.