बोराटीच्या आडोशाचा मारवेल

बोराटीचं कौतुक आपल्याकडे कुणालाच नाही. बांधावर दिसली की कुऱ्हाड घालायची, गायरानातली तोडून कुंपणाला ओढून आणायची, हा आपला शिरस्ता. जेसीबी आल्यापासून तर माळच्या माळ साफ होतो. आम्हीही हेच करत आलो आहोत.

परंतु आश्विनात गायरानावर जाऊन बोराटीच्या बुडाशी जरा वाकून पाहावे. भोवतालचं गवत शेळ्या-मेंढ्यांनी जमिनीला लावलेलं असतं. काट्यांच्या जाळीत मात्र मारवेल आणि पवन्या तुऱ्यावर आलेले दिसतात. शेळी बोराटीचा पाला खाते खरी, पण बाहेरून, एकेक पान जपून ओढत. आत तोंड घालायची तिचीही छाती होत नाही. गाय तर लांबूनच वळते.

मारवेल, पवन्या ही गोड गवते, म्हणून जनावर आधी त्यांच्यावरच तुटून पडतं. बी धरण्याआधी दरसाल खुडली गेली की त्यांची मुळं दुबळी होतात आणि जागा कुसळी बळकावते. कुसळीला तुरा आला की तिला जनावर नीट तोंड लावत नाही. पुढे तीही विरळ होते आणि पहिल्या वळवात माती वाहून जाते. जाळीतलं गवत मात्र निवांत बी धरतं आणि ते बी वाऱ्यापाण्याने बाहेर पसरतं. कारखान्याचा बेणेमळा असतो ना, तसाच हा गायरानाचा बेणेमळा समजा. फक्त राखण काटे करतात, बिनपगारी!

झाडांचंही तसंच. पाखरं फांदीवर बसून निंबोळ्या टाकतात आणि कडुनिंबाचं रोप काट्यात शेळीच्या तोंडापासून वाचतं. युरोपातल्या चराऊ कुरणांत ओकचं झाड असंच काटेरी झुडपांत वाढतं, असं हॉलंडच्या फ्रान्स वेरा यांनी 2000 साली पुस्तकात मांडलं. मोठं झालं की ते आपल्या सावलीने त्याच झुडपांना मारतं, हा भाग वेगळा.

वेडी बाभूळ मात्र यात धरू नये. तिच्या दाट जाळीखाली गवत टिकत नाही. ती खुशाल काढावी. कसणुकीच्या रानातही बोराटी ठेवा, असं कुणी म्हणणार नाही. प्रश्न गायरानाचा आणि बांधाचा आहे. गळीत हंगाम चालू आहे तोवर वाढ्यावर भागतं. हंगाम संपला की वैरणीचा भाव सगळ्यांनाच कळतो.

आम्ही यंदा बांधावरच्या दोन जाळ्या राखल्या आहेत. शेजाऱ्यांनी आतापर्यंत तीनदा विचारलं, "पाव्हणं, कुऱ्हाड हरवली काय?"