शांतिसेनेतून आलेल्या जवानाला ताप आला, तर अंगावर काढू नका

सातारा, सांगली, कोल्हापूरकडं फौजेत कुणीच नाही असं गाव सापडणं अवघड. त्यातले काही जवान संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून आफ्रिकेत जातात. घरच्यांना घोर असतो बंदुकीच्या गोळीचा. पण नोंदी वेगळंच सांगतात. १९४८ पासून शांतिसेनेतल्या ४ हजारांहून जास्त जणांचा जीव गेला. त्यात हल्ल्यात गेलेल्यांपेक्षा आजारानं गेलेले जास्त आहेत.

मोठा धोका डासाचा

काँगो आणि दक्षिण सुदानमध्ये फॅल्सिपेरम जातीचा मलेरिया बारमाही असतो. तिथल्या मोठ्या माणसांचं शरीर लहानपणापासून त्याच्याशी झगडून थोडंफार तयार झालेलं असतं, आपल्या जवानाचं नसतं. म्हणून जाण्याआधी पीतज्वराची लस, निघण्याआधीच सुरू केलेल्या मलेरिया टाळायच्या गोळ्या, औषध लावलेली मच्छरदाणी आणि संध्याकाळनंतर पूर्ण बाह्यांचे कपडे. यातलं काहीच चुकवून चालत नाही.

पाण्याचा धोका दोन्हीकडून

२०१० मध्ये हैतीत शांतिसेनेच्या छावणीतला मैला ओढ्यावाटे मोठ्या नदीत गेला. तिथून कॉलरा पसरला आणि जवळपास १० हजार माणसं दगावली. २०१६ मध्ये तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली. म्हणजे छावणीतलं सांडपाणी नीट जिरवणं हे जवानाइतकंच तिथल्या गावकऱ्यांच्याही जिवाचं काम आहे.

घरी आल्यावर काय?

खरी चूक इथंच होते. घरी आलो, आता कसला मलेरिया, असं म्हणून गोळ्या बंद होतात. गोळीच्या प्रकारानुसार परतल्यावरही एक ते चार आठवडे त्या घ्याव्याच लागतात. कारण डास तिकडं चावलेला असला तरी ताप इकडं आल्यावर चढू शकतो. काही जातींचे जंतू तर यकृतात दडून राहतात आणि महिन्यांनी डोकं वर काढतात.

अशा वेळी हवामान बदललं म्हणून ताप आला असेल, असं समजून दुकानातली गोळी देऊ नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या आणि जवान आफ्रिकेतून आलाय हे डॉक्टरांना आपणहून सांगा. फॅल्सिपेरम अंगावर काढला तर एक-दोन दिवसांतच मेंदू आणि मूत्रपिंडापर्यंत जातो. वेळेत कळला तर औषधानं पूर्ण बरा होतो.