सांदवाडीतली बिनफवारणीची भाजी

उद्या भाजी कोणती करायची, हे तुमच्या घरी कोण ठरवतं? आमच्याकडे आधी बाजाराचा वार ठरवायचा. बाजाराची पिशवी तीन दिवसांत रिकामी व्हायची, मग पुढच्या बाजारापर्यंत डाळ आणि पिठलं. आता घरामागची सांदवाडी ठरवते. परसबागेला आमच्याकडे सांदवाडी म्हणतात.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या, कपाशीच्या गावातल्या बाया. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेकडो माणसं दवाखान्यात गेली, कितीतरी शेतकरी आणि मजूर दगावले. त्या वर्षी घरातल्या पंपाकडे बघितलं तरी पोटात गोळा यायचा. शेतात काय मारायचं, हे आम्हाला कोणी विचारत नाही. सांदवाडीत मात्र कोणाला विचारावं लागत नव्हतं. अर्धा गुंठा जागा, न्हाणीचं पाणी, चुलीची राख, गोठ्यातलं शेणखत. एवढ्यावर सुरुवात केली.

पहिल्याच वर्षी चूक झाली, तीही सांगतो. वालावर मावा पडला म्हणून निंबोळीचं पाणी केलं आणि शेतातल्या पंपानं मारलं. त्या पंपात आधी तणनाशक होतं. धुतला होता, तरी आठ दिवसांत पानं आखडली, वेल गेला. तेव्हा सांदवाडीचा पंप वेगळाच ठेवा. नसेल तर कडुनिंबाच्या डहाळीनं शिंपडा, चालतं. आणि औषधाचा रिकामा डबा कितीही घासला तरी पाण्याला घेऊ नका.

निंबोळीचं पाणी आम्ही असं करतो. वाळलेल्या निंबोळ्या कुटून ५० ग्रॅम भुकटी १ लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालायची. दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळून त्यात चिमूटभर साबणचुरा घालायचा आणि ऊन उतरल्यावर शिंपडायचं. लागेल तेवढंच करायचं, शिळं कामाचं नाही. मावा थोडाच असेल तर सकाळी दवात राख भुरभुरली तरी पुरते. वांग्याचा शेंडा मलूल दिसला की आत अळी आहे समजायचं. तो खुडून जाळून टाकायचा. एवढं करूनही चार-दोन वांगी किडकी निघतातच. चिरताना बघायचं, किडकं बाजूला काढायचं. बाजारातल्या चकचकीत वांग्यात अळी का नसते, हा प्रश्न आम्हाला आता पडतो.

आता कोहळ्याची गंमत ऐका. कोहळं म्हणजे लाल भोपळा. वेलाला फुलं ढीगभर यायची, पण फळ एक धरेल तर शपथ! आमच्यातल्या एकीच्या सासूबाईंनी सगळ्यांना भल्या सकाळी वेलापाशी बोलावलं. काही फुलांच्या खाली नुसता दांडा, काहींच्या खाली बोराएवढं कोहळं. दांड्याचं ते नर, कोहळ्याचं ते मादी. नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि आतला परागाचा भाग मादी फुलात अलगद फिरवायचा. हे ऊन चढायच्या आत. एरवी मधमाश्याच हे काम करतात, पण कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत त्या फारशा दिसत नाहीत. मग रोज सकाळी ते बोर केवढं झालं, हे बघायला आम्ही जातो. भाजीला नावं ठेवणारी घरची माणसंही चहाचा कप घेऊन तिथंच उभी राहतात.

बियाणं मात्र गावरान घ्या. संकरित वाणाचं बी धरलं तर पुढच्या वर्षी तसंच फळ येत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असंच गावरान बी जपलं आणि वाटलं. २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव होतं.

आमचं पहिलं पिकलेलं कोहळं आम्ही बियाण्याला ठेवलं. धुऊन, सावलीत वाळवून, राखेत घोळलेलं बी डब्यात भरून आहे. येत्या बाजाराला या आणि मूठभर घेऊन जा. येताना काटेरी वांग्याचं बी असेल तर आणा. आमचं या वर्षी उंदरांनी खाल्लं.