काचेआडची मुशी

आमच्या कळंबकडील मुलांस मासा ठाऊक असतो तो ओढ्यांतला. समुद्रांतले मासे पाहावयाचे तर नेरळास आगगाडी गांठावी, मुंबईस जावें आणि चर्नी रोडजवळच्या तारापोरवाला मत्स्यालयांत काचेस नाक लावून उभें राहावें. हें मत्स्यालय 1951 सालीं राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें उघडलें. 2015 सालीं त्याचा जीर्णोद्धार झाला. 2020 च्या साथींत त्याचीं दारें मिटलीं व पुढें इमारतच धोक्याची ठरली. नवें मत्स्यालय झालें तर त्यांत मोठी, दुर्मिळ मुशी, म्हणजे शार्क, असेल काय, असें मुलें विचारणारच. उत्तर वडील माणसांनीं तयार ठेवलेलें बरें.

मुशी पाळणें म्हणजे मोठ्या हौदांत मोठा मासा सोडणें नव्हे. बहुतेक माशांच्या पोटांत हवेची पिशवी असते; तिच्या बळावर ते तरंगतात. मुशीस ती नाहीं. तेलकट यकृतावर ती वजन हलकें ठेविते, तरी पोहणें थांबलें कीं खालीं जाऊं लागते. कांहीं जातींचा तर श्वासहि गतीवरच चालतो. पुढें जावें तेव्हां कल्ल्यांवरून पाणी वाहतें. अशा जिवास कोपरे बाधतात, म्हणून हौद लांबट व गोलाकार लागतो. तिच्या तोंडाभोंवतींच्या बारीक छिद्रांस विजेचे अतिसूक्ष्म प्रवाह कळतात, त्यामुळें पाण्यांतील धातूचा तुकडाहि तिला सतावतो. इतर माशांचा रोग हटविणारें तांब्याचें औषध तिला विष ठरतें. बंद पाण्यांत आयोडीन कमी पडलें तर माणसाप्रमाणें तिलाहि गलगंड होतो! जेवण वाढतांना प्रत्येकीस आपापल्या रंगाची वा आकाराची पाटी ओळखावयास शिकवितात आणि मासळीच्या पोटांत जीवनसत्त्वाची गोळी दडवितात. गुळांतून कडू औषध देणाऱ्या आमच्या आजीबाईंस ही युक्ति नवी वाटणार नाहीं.

अमेरिकेंत मॉन्टेरे येथील मत्स्यालयानें 2004 सालीं पांढऱ्या मुशीचें पिल्लूं 198 दिवस राखलें. तोंपर्यंत इतके दिवस हें कोणासहि साधलें नव्हतें. पण तें हौदांतील दुसऱ्या मुशींना चावूं लागलें, तेव्हां त्यास समुद्रांत सोडावें लागलें. 2011 पर्यंत अशीं सहा पिल्लें ठेवून पाहिलीं. शेवटचें सोडल्यावर लवकरच मेलें, आणि मग हा उद्योग थांबला. थांबविण्याची ही बुद्धि आम्हांस त्या 198 दिवसांहून मोठी वाटते. जपानांत ओकिनावा येथें व्हेल शार्क वीस वर्षांहून अधिक काळ जगविला आहे, परंतु त्यासाठीं 7500 घनमीटर पाण्याचा हौद लागला. हा महाकाय जीव गुजरातच्या किनाऱ्यास आपण होऊन येतो, 2001 पासून आपल्या कायद्यानें त्यास संरक्षणहि आहे. तेथेंच तो असूं द्यावा.

मुंबईस शोभेल ती झेब्रा शार्क. बालपणीं अंगावर पट्टे, मोठेपणीं ठिपके. नांव मात्र बालपणाचेंच राहिलें, आपल्याकडे साठीच्या गृहस्थांस 'बाळ' म्हणतात तसें. ही आपल्या अरबी समुद्रांतहि आढळते, पण जगांत बहुतेक ठिकाणीं धोक्यांत आली आहे. तळाशीं निवांत पडूनहि ती श्वास घेऊं शकते, म्हणून हौदांत रुळते. तिचें अंडें तपकिरी, चामड्यासारख्या कोशांत असतें आणि पिल्लूं बाहेर यावयास कित्येक महिने लागतात. ऑस्ट्रेलियांत टाउन्सव्हिल येथें एका मादीनें, नरापासून कांहीं वर्षें दूर असतां, 2016 सालीं तीन पिल्लें दिलीं. तपासणींत तीं केवळ मातेचींच ठरलीं.

इंडोनेशियांतील राजा अंपत या बेटांभोंवतीं मासेमारीनें ही जात जवळजवळ नाहींशी झाली होती. ऑस्ट्रेलियांतील मत्स्यालयांनीं आपल्याकडील अंडीं विमानानें तेथें पाठविलीं. स्थानिक तरुणांनीं पिल्लांना शंखशिंपले चारून वाढविलें, आणि 2023 च्या जानेवारींत पहिलीं पिल्लें समुद्रांत सोडलीं. मुंबईंत काच पुन्हां उभी राहिलीच, तर तिच्यामागें अशी जोडी असावी, अंडीं उबविण्याचा हौद मुलांस दिसेल असा असावा, आणि दारावरच्या पाटीवर आलेल्या प्रेक्षकांच्या आंकड्याशेजारीं समुद्रांत गेलेल्या पिल्लांचा आंकडाहि लिहिलेला असावा.