चिक चॉकलेट यांचे कागद

संपादकांनी गणपतीपुळ्याला धाडलं होतं ते गणेशोत्सवातल्या वाद्यांवर लिहायला. ढोल-ताशे, जाखडीचा मृदंग, सगळं वहीत उतरलं. पण जीव गुंतला तो एका बँडमधल्या ट्रम्पेटवर. वाजत होतं ‘अलबेला’तलं ‘भोली सूरत’, आणि माणसं भगवानदादांसारखे हात हलवत नाचत होती. वादकासमोर कागद नव्हता, सगळं कानावर. ही चाल पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झाली ती मात्र कागद वाचून वाजवणाऱ्यांच्या काळात. तिथून मी ‘अलबेला’च्या मागे लागलो.

चित्रपट 1951चा. दिग्दर्शक आणि नायक भगवान पालव, म्हणजेच भगवानदादा, नायिका गीता बाली, गीतं राजेंद्र कृष्ण यांची. संगीत सी. रामचंद्र यांचं. हे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, विनायकबुवा पटवर्धनांच्या तालमीतले. लताबाईंबरोबर ते स्वतःच ‘चितळकर’ या नावानं गायले. इतकं सगळ्यांना ठाऊक असतं.

मला ओढ लागली ती त्यांच्या साहाय्यकाची. अँतोनियो झेवियर वाझ, गोव्यात बार्देसातल्या हळदोण्याचे. मुंबईत नाव ‘चिक चॉकलेट’. लुई आर्मस्ट्राँगवर जीव असलेले ट्रम्पेटवादक. ताजमहाल हॉटेलात त्यांचा बँड वाजे, आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणातही त्यांचा ट्रम्पेट असे. गोव्यात चर्चच्या शाळेत मुलांना लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवत, व्हायोलिन हाती देत. त्या शिकवणीतून आलेल्या वादकांवर मुंबईचे वाद्यवृंद उभे होते.

संगीतकार पेटीवर चाल गाऊन दाखवी, सरगम सांगे. वाझ यांच्यासारखा साहाय्यक, म्हणजे अरेंजर, ती पाच रेघांवर उतरवून घेई आणि वाद्यागणिक वेगळा कागद करी. ‘अलबेला’तल्याच ‘शोला जो भड़के’मध्ये ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ओबो आणि बोंगो आहेत. ओबोचा सूर लिहिला तसाच वाजतो. ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट साधारणपणे लिहिल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजतात, म्हणून त्यांचे कागद तेवढे चढवून लिहायचे. आल्टो सॅक्सोफोन असेल तर आणखी वर. एकाच षड्जासाठी तीन वेगळी चिन्हं! आणि हे सारं रागदारीत मुरलेल्या माणसाच्या गळ्यातून आलेल्या चालीसाठी. हे जमवणाऱ्यांपुढे मी मनापासून नतमस्तक आहे.

त्या काळी वेगवेगळ्या ट्रॅकवर ध्वनिमुद्रण करून नंतर जुळवायची सोय नव्हती. गायक, वादक सगळे एकाच वेळी, मोजक्या मायक्रोफोनांसमोर. गायिका जवळ, पितळी वाद्यं लांब. कोणाचा आवाज किती यावा हे उभं राहण्याच्या जागेवर ठरे. खोलीतले पंखे बंद. कोणी चुकलं की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. आणि तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटं मावत. एवढ्या बांधलेल्या जागेत लताबाई आणि चितळकर इतके मोकळे गातात, की त्या धडपडीची शंकासुद्धा येत नाही.

आता अडचण सांगतो. तबकडीच्या लेबलावर चित्रपट, गायक आणि संगीतकार, वादक नाहीत. दिवसाचे पैसे मिळाले की त्यांचा संबंध संपे. चिक चॉकलेट निदान ‘अलबेला’तल्या ‘दीवाना ये परवाना’मध्ये आपल्या बँडसह पडद्यावर दिसतात, बाकीच्यांचे चेहरेही नाहीत. 1967 साली चिक गेले. ऐंशीच्या दशकात सिंथेसायझर आला, मोठे वाद्यवृंद आटले, आणि लिहिलेले कागद कोणी सांभाळायचे हा प्रश्न कोणालाच पडला नाही. ग्रेगरी बूथ (2008) आणि नरेश फर्नांडिस (2012) यांनी पुस्तकं लिहिली म्हणून या माणसांच्या आठवणी तरी उरल्या.

आज कोणी ही गाणी जशीच्या तशी वाजवू म्हटलं, तर जुन्या तबकडीला कान लावून एकेक सूर उतरवावा लागतो. वरचा ट्रम्पेट स्वच्छ ऐकू येतो, बोंगोही सापडतो. मधले आधाराचे सूर मात्र खरखरीत बुडालेले असतात. तिथे दोन जाणकारांचे दोन कागद होतात, आणि ताडून पाहायला मूळ कागद हाताशी नसतो.