दंतवैद्यकाच्या प्रशिक्षणात यंत्रमानवी रुग्ण : उपयोग आणि मर्यादा

प्रस्तावना

दंतवैद्यक हे हस्तकौशल्यावर उभे असलेले शास्त्र आहे. हे कौशल्य सरावाशिवाय येत नाही आणि सरावात चुका अपरिहार्य असतात. या चुका कोणाच्या तोंडात व्हाव्यात, हा दंतवैद्यक शिक्षणापुढील जुना नैतिक प्रश्न होय. महाविद्यालयीन रुग्णालयांत अल्प खर्चात उपचार होतात म्हणून येणारा रुग्ण बहुधा सामान्य परिस्थितीतील असतो. त्यामुळे या प्रश्नाला सामाजिक न्यायाचेही परिमाण लाभते. जपानमध्ये विकसित झालेले यंत्रमानवी रुग्ण या प्रश्नाचे कितपत उत्तर देतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

फँटम हेडची परंपरा

१८९४ मध्ये ऑस्वाल्ड फर्गस यांनी धातूच्या दांड्यावर पितळी जबडे बसवून सरावाचे साधन तयार केले. पुढे त्याला डोके, रबरी गाल आणि बदलता येणारे कृत्रिम दात जोडले गेले. आपल्याकडील दंत महाविद्यालयांतही विद्यार्थी प्रत्यक्ष रुग्णाकडे जाण्यापूर्वी अशाच ‘फँटम हेड’वर दात कोरण्याचा व भरण्याचा सराव करतात. या साधनाने हात तयार होतो, यात शंका नाही. परंतु फँटम हेड कळवळत नाही, खोकत नाही, थकून तोंड मिटत नाही. साहजिकच विद्यार्थ्याची नजर दातावर खिळते. रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहण्याची सवय तिला लागत नाही.

जपानमधील प्रयोग

ही उणीव दूर करण्याच्या हेतूने निप्पॉन दंत विद्यापीठाने कोकोरो या कंपनीच्या सहकार्याने ‘सिमरॉइड’ हा स्त्रीरूपी यंत्रमानव विकसित केला. २००७ मध्ये टोकियो येथील आंतरराष्ट्रीय यंत्रमानव प्रदर्शनात तो मांडण्यात आला. त्याच्या तोंडात संवेदक बसविलेले आहेत. उपचार करताना चूक झाली तर तो चेहऱ्याच्या हालचालींतून व बोलून वेदना व्यक्त करतो. विद्यार्थ्याच्या हाताचा वा कोपराचा छातीला स्पर्श झाल्यास त्याचीही नोंद होते. म्हणजेच कौशल्याबरोबर शिष्टाचाराचेही मूल्यमापन येथे अभिप्रेत आहे.

टोकियोतील तत्कालीन शोवा विद्यापीठाने ट्मसुक या कंपनीच्या साहाय्याने २०१० मध्ये ‘शोवा हानाको’ आणि २०११ मध्ये तिची सुधारित आवृत्ती सादर केली. हानाको डोळे मिचकावते, खोकते, शिंकते, मान हलवते. उपकरण घशाकडे फार आत गेल्यास तिला ओकारीची उबळ येते, तर तोंड बराच वेळ उघडे राहिल्यास जबडा थकून मिटू लागतो. प्रश्न विचारल्यास ती उत्तर देते. अशा प्रसंगी हातातील फिरते उपकरण तत्काळ थांबविणे आणि रुग्णाला धीर देणे या गोष्टी केवळ व्याख्यानातून शिकविता येत नाहीत. एकच प्रसंग सर्व विद्यार्थ्यांपुढे तंतोतंत उभा करता येणे, हा परीक्षेच्या दृष्टीने आणखी एक लाभ होय.

मर्यादा

तथापि यंत्रमानवाची वेदना ही आधी ठरवून दिलेली असते. खरा रुग्ण असा एकसारखा वागत नाही. आपल्या समाजात तर डॉक्टरांपुढे संकोचाने मूकपणे वेदना सोसणारे रुग्ण कमी नाहीत. खुर्चीचा हात घट्ट धरलेली बोटे किंवा डोळ्यांच्या कडांना आलेले पाणी, एवढीच त्यांची तक्रार असते. यंत्रमानवाने ‘दुखते’ असे म्हटल्यावरच थांबण्याची सवय जडली, तर न बोलणारा रुग्ण पुन्हा दुर्लक्षितच राहील. शिवाय अशी यंत्रे खर्चिक असून त्यांची देखभालही सोपी नसते.

यावर अल्पखर्चाचा एक पर्याय पूर्वीपासून उपलब्ध आहे. हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये अमेरिकेत रुग्णाची भूमिका वठविणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तींच्या साहाय्याने वैद्यकीय विद्यार्थ्यांचे मूल्यमापन सुरू केले. अशा व्यक्तीच्या दातावर सराव करता येत नाही. मात्र विचारपूस, तपासणी, उपचारांची पूर्वकल्पना देणे आणि संमती घेणे यांचे शिक्षण निश्चित देता येते.

समारोप

यंत्रमानवाला फँटम हेड आणि प्रत्यक्ष रुग्ण यांमधील एक पायरी मानणे योग्य ठरेल. मात्र यंत्र असो वा नसो, शिक्षकाने गुण देताना भरलेल्या दाताबरोबरच विद्यार्थी किती वेळा थांबला, त्याने काय विचारले आणि रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहिले की नाही, याचीही नोंद घ्यावयास हवी. ज्याचे मूल्यमापन होते, तेच विद्यार्थी मनावर घेतात, हा सर्वच विद्याशाखांतील अध्यापकांचा अनुभव आहे.