कुणाला दाखवू नये अशी पत्रं

सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात राहिलेल्या ब्रदर लॉरेन्सची सोळा पत्रं उपलब्ध आहेत. त्यातल्या एकात त्यानं एका व्रतस्थ भगिनीला अट घातली आहे. तुम्ही फारच आग्रह धरलात म्हणून लिहितो, पण हे पत्र आणखी कुणाला दाखवाल असं कळलं, तर तुमच्या आत्मिक उन्नतीची मला कितीही तळमळ असली तरी माझ्या हातून लिहिणं होणार नाही, असा त्याचा आशय. ही अट पाळली गेली असती, तर तीन शतकांहून अधिक काळ ख्रिस्ती घराघरांत वाचलं जाणारं एक छोटंसं पुस्तक अस्तित्वातच आलं नसतं.

हा माणूस कित्येक वर्षं माझ्या मनातून गेलेला नाही. 'सगळं आयुष्यच उपासना व्हावं' हे वाक्य प्रवचनांत वारंवार ऐकू येतं. पौलानं रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात, आपली शरीरं जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करा, असं सांगितलं. त्याचाच हा विस्तार. पण असं जगताना माणसाच्या आत काय घडतं, याचा इतका साधा आणि इतका निर्भीड जबाब मी दुसरीकडे वाचलेला नाही.

त्याचं मूळ नाव निकोला एर्मां. लोरेन प्रांतातल्या लुनेव्हिलजवळच्या एरिमेनिल गावी 1614 च्या सुमारास त्याचा जन्म झाला. अठराव्या वर्षी हिवाळ्यातलं एक निष्पर्ण झाड पाहताना, याला पुन्हा पालवी फुटेल, फुलं-फळं येतील, या विचारातून ईश्वराच्या सामर्थ्याची जी जाणीव झाली ती पुढे कधी ओसरली नाही, असं त्यानं सांगून ठेवलं आहे. पुढे तीस वर्षांच्या युद्धात शिपाईगिरी केली. हेर समजून जर्मन सैन्यानं त्याला पकडलं, फाशीची धमकी दिली, मग सोडून दिलं. नंतर तो जखमी होऊन घरी परतला. काही काळ पॅरिसमध्ये फ्युबे नावाच्या खजिनदाराच्या घरी नोकरी केली. तिथे आपण धांदरट होतो आणि सगळं फोडत असू, ही त्याचीच कबुली. 1640 मध्ये तो पॅरिसच्या व्होजिरार रस्त्यावरच्या अनवाणी कार्मेलाइट मठात दाखल झाला. धर्मगुरूपदाची दीक्षा नाही, प्रवचनाचा अधिकार नाही. मठातली अंगमेहनतीची कामं करणारा साधा ब्रदर. त्याला स्वयंपाकघर दिलं गेलं.

स्वयंपाकघराची त्याला मनापासून नावड होती. हे लक्षात ठेवलं पाहिजे, कारण आज त्याचं नाव निघालं की हसतमुखानं भांडी घासणारा एक गोड म्हातारा डोळ्यांपुढे उभा केला जातो. नावडत्या कामात त्यानं सुमारे पंधरा वर्षं काढली. पाय अधू झाल्यावर त्याला चपला शिवण्याच्या कामावर घेतलं. मठासाठी द्राक्षारस खरेदी करायला त्याला ओव्हेर्न आणि बर्गंडीकडे पाठवलं जाई. व्यवहारज्ञान जेमतेम आणि पाय लंगडा. नावेत एका जागेवरून दुसरीकडे जायचं, तर पिंपांवरून लोळतच जावं लागे. तरीही तो देवाला एवढंच सांगे की हे काम तुझंच आहे. आणि काम नीट पार पडे. प्रार्थनेची ठरलेली वेळ आणि कामाची वेळ यांत त्याच्या लेखी फरक उरला नव्हता. तव्यावरचं आम्लेट उलटायचं तेही देवावरच्या प्रेमाखातर, आणि दुसरं काही करता आलं नाही तर जमिनीवरची काडी उचलायची तीही त्याच प्रेमाखातर.

हे सगळं आपल्याला कळतं ते जोझेफ द बोफोर या धर्मगुरूमुळे. 3 ऑगस्ट 1666 रोजी तो लॉरेन्सला पहिल्यांदा भेटला. पुढच्या वर्षाच्या नोव्हेंबरपर्यंतच्या चार संभाषणांची त्यानं टिपणं ठेवली. 12 फेब्रुवारी 1691 रोजी लॉरेन्स वारला, त्यानंतर बोफोरनं पत्रं आणि त्याच्या हातची टिपणं गोळा करून 1692 मध्ये एक पुस्तक काढलं. 1694 मध्ये चरित्र आणि संभाषणांचं दुसरं. अट मोडली गेली ती अशी, आणि मला तरी बोफोरला दोष द्यावासा वाटत नाही.

मात्र त्यानं काळ निवडला तो भलताच धोक्याचा. 1687 मध्ये रोमनं मोलिनोस या स्पॅनिश धर्मगुरूची अडुसष्ट विधानं दोषार्ह ठरवली होती. देवापुढे निष्क्रिय होऊन बसा, स्वतः काही करू नका, ही ती 'शांतिवादी' शिकवण. फ्रान्समध्ये मादाम ग्युयों ही लेखिका याच संशयाखाली सापडली आणि पुढे बास्तीय तुरुंगात गेली. तिच्या लेखनाची तपासणी करणाऱ्यांत बिशप बोस्युए होते आणि शालोंचे बिशप नोआयही होते. बोफोर याच नोआय यांच्या हाताखाली काम करत होता! तिची बाजू उचलून धरली ती फेनेलोंनं. हा कांब्रेचा आर्चबिशप लॉरेन्सला प्रत्यक्ष भेटला होता. अतिशय आजारी असतानाही लॉरेन्स किती आनंदी होता, याची आठवण त्यानं लिहून ठेवली आहे. बोस्युएशी जुंपलेल्या वादात फेनेलोंनं एका स्वयंपाक्याला साक्षीदार म्हणून उभं केलं.

वादाचा मुद्दा असा होता: देवावरचं प्रेम इतकं निखळ होऊ शकतं का, की माणसाला स्वतःच्या तारणाचीही फिकीर उरू नये? बोस्युएच्या मते ही शिकवण घातक होती. आशा हा ख्रिस्ती जीवनाचा पायाच आहे, तो काढून घेता येत नाही. फेनेलोंच्या मते संतांनी असं प्रेम केलेलं आहे. 12 मार्च 1699 रोजी पोप बारावे इनोसंट यांनी फेनेलोंच्या पुस्तकातली तेवीस विधानं दोषार्ह ठरवली. फेनेलोंनं निर्णय जाहीरपणे शिरोधार्य मानला.

आता लॉरेन्सच्या संभाषणांकडे परत जाऊ. आपण नरकातच जाणार, अशी त्याची खात्री होऊन बसली होती. हा छळ चार वर्षं चालला. कुणाच्या समजावण्यानं ती खात्री हटेना. शेवटी त्यानं मनाशी ठरवलं: मी मठात आलो तो देवावरच्या प्रेमासाठी. तारण होवो वा नाश होवो, मरेपर्यंत जमेल तितकं त्याच्या प्रेमासाठी करत राहीन. त्यानंतर भय गेलं. एका पत्रातही त्यानं लिहिलं आहे की पहिली दहा वर्षं आपण पुष्कळ सोसलं. ईश्वराच्या सान्निध्याचा जो सहज आनंद वाचकांना मोहवतो, तो त्या दहा वर्षांनंतरचा आहे.

माझ्या मते लॉरेन्स म्हणजे काय ते या निश्चयात आहे. पण त्याच्या लोकप्रिय संक्षेपांत आम्लेट असतं आणि ही चार वर्षं एका ओळीत उरकलेली असतात. शरणागती म्हणजे कामात मन लावण्याची युक्ती, असा अर्थ त्यातून निघतो. त्यानं देवाच्या हवाली केलं होतं ते मात्र आपलं अंतिम भवितव्य. ते हातातून सोडल्यावर स्वयंपाकघर, चपला, पिंपं यांतलं काय वाट्याला येतं, याला महत्त्व उरलं नाही.

बोस्युएची भीतीही पोकळ नव्हती. 'मला तारणाची पर्वा नाही' हे वाक्य आळशी माणसाच्या तोंडी सहज शोभून जातं. पण लॉरेन्स हात बांधून बसला नव्हता. निश्चय केल्यावरही तो काम करत राहिला. चूक झाली की देवापुढे ती कबूल करायची आणि कुढत न बसता लगेच कामाला लागायचं, ही त्याची रीत होती. निष्क्रियतेचा आरोप त्याच्यावर टिकत नाही, आणि तेवढ्या मुद्द्यावर मला फेनेलोंनं निवडलेला साक्षीदार अतिशय भक्कम वाटतो.

तरी संशयाची सावली त्याच्यावर पडलीच. नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या प्येर प्वारे या प्रॉटेस्टंट संपादकानं 1699 मध्ये आणि पुन्हा 1710 मध्ये त्याचं लेखन छापलं. फ्रान्समधल्या कॅथलिकांत त्याचं नाव मागं पडत गेलं, आणि कॅथलिक मठातला हा ब्रदर प्रॉटेस्टंटांचा झाला. प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक जॉन वेस्लीनं आपल्या पन्नास खंडांच्या ग्रंथमालेत त्याला जागा दिली. लॉरेन्सच्याच कार्मेलाइट संघातल्या कोनराड द मेस्टर यांनी सगळ्या लेखनाची चिकित्सक आवृत्ती काढली ती 1991 मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूला तीनशे वर्षं झाल्यावर.

ज्या माणसानं पत्र दाखवू नका म्हणून बजावलं, त्याच्यावरून बिशप भांडले आणि दोन पंथांनी त्याला आळीपाळीनं आपलं म्हटलं. मला यातून मिळालेला धडा मात्र स्वच्छ आहे. आयुष्यच उपासना व्हावं असं म्हणणाऱ्यानं आधी स्वतःला विचारावं, की या उपासनेच्या बदल्यात मला काहीच मिळणार नसेल, तर उद्या सकाळी मी ती करीन का? लॉरेन्सनं हा प्रश्न चार वर्षं सोसला, हो म्हटलं, आणि मग चूल पेटवली. आपलं उत्तर नाही असेल, तर आधी ते प्रामाणिकपणे मान्य करावं. त्याचंही सगळं तिथूनच सुरू झालं होतं.